पेठेतली फक्कीची रेघ

खरं सांगायचं तर धास्ती वाटतेय. हा गौरव-अंक रविवारी समारंभात तुमच्या हातात पडेल, आणि त्यानंतरच्या गुरुवारी नगरपालिकेची मीटिंग आहे. आप्पांचा गौरव लिहायला बसले खरी, पण मन सारखं त्या मीटिंगकडेच धावतंय.

आप्पा, म्हणजे आपले सोपानराव, दौंड नगरपालिकेत ओव्हरसियर होते. मी शिरूरची. इंग्रजी शाळेत शिकले, नकाशे काढायचा कोर्स केला आणि त्यांच्या हाताखाली ट्रेसर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, ड्रॉइंग बोर्ड कुठंय?" आप्पांनी माझ्या हातात फक्कीचं घमेलं दिलं. "सर नको, आप्पा म्हण. आन् बोर्ड हा काय, स्टेशनपासून हायस्कूलपर्यंत पडलाय."

ही त्यांची पद्धत. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी आधी रस्त्यावर फक्कीची रेघ मारायची, काही दिवस लोकांना तिच्या आतून सायकली चालवू द्यायच्या, कुठं अडतं ते बघायचं, मग कागद. रेल्वेची ड्यूटीवर जाणारी माणसं आणि शाळेची पोरं उसाच्या ट्रकांना घासून जातात, त्यांना पेठेतून स्वतःची वाट हवी, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्याआधीच्या उसाच्या हंगामात आठवीतल्या एका मुलीची सायकल ट्रकखाली गेली. मुलगी उडी मारून वाचली. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत, असं त्यांच्या घरच्या काकू सांगतात.

पहिली रेघ मारली आणि घोटाळाच झाला. दुकानांच्या ओट्यांना लागून पांढरी रेघ बघून पेठेला वाटलं, ओटे पाडायची खूण केलीय! दुपारपर्यंत धान्याचे व्यापारी बबनशेठ स्वतःच ओट्याच्या फरश्या उखडून आत नेत होते. "सरकारनं फोडल्या तर तुकडं व्हतील, म्हणून म्याच काढल्या!" आप्पांनी सायकल लावली आणि शांतपणे उरलेल्या ओट्यावर बसले.

"शेठ, रेघ वट्याच्या भाईर हाय. तुमचं कायबी जात न्हाई."

"मग आधी सांगाया काय झालं व्हतं?"

"चुकलं. चला, बसवू परत."

आणि आप्पा खरंच बाह्या सारून फरश्या बसवायला लागले.

"तिरकी बसवली की ओ, आप्पा."

"ओव्हरसियर हाय मी, गवंडी न्हाई."

शेठ हसले तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून आप्पांनी एकच धरलंय: ज्याच्या दारावरून वाट जाणार, त्याचा होकार आधी. नोकरीतून मोकळे झाले तरी ते अजून दारोदार जातात, चहा पितात, शिव्याही खातात. माणसांचं असं कुणी करतं का हो! माझ्या शिरूरच्या गाडीला उशीर झाला की ती सुटेपर्यंत स्टँडवर माझ्यासोबत उभे राहणारेही तेच.

आता तीन दुकानदार अडलेत. पोत्यांच्या बैलगाड्या उभ्या करायला त्यांना दारातली जागा हवीय. नगराध्यक्ष म्हणतात, बहुमत आहे, गुरुवारी मंजूर करून टाकू, तू नकाशा घेऊन ये. आप्पा म्हणतात, "दाबून केली तर ते वाटंवरच पोती टाकतील. पोरं पुन्हा ट्रकाकडं. थोडं थांब, मी बोलतो." पण दिवाळी झाली की साखर कारखाने पेटतील, ट्रक सुरू होतील. मी परत विचारलं, तर म्हणाले, "नकाशा तू काढलाय. तुझं तू ठरव."

आप्पा, तुमचे गुडघे आणि तुमची सायकल अजून खूप वर्षं अशीच खणखणीत राहोत. या वाटेवरून शाळेत गेलेल्या पोरांची पोरं तुम्हाला हात करून जाताना तुम्ही बघावं, एवढीच इच्छा.

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही सगळे आप्पांना माझ्याआधीपासून ओळखता. रविवारी भेटाल तेव्हा खरं खरं सांगा: गुरुवारी मी तो नकाशा घेऊन जाऊ, का आप्पांसाठी थांबू?