खंडेनवमीची साफसफाई

साजगावच्या कारखान्यात मी मेंटेनन्सचा कारकून. कंपनीची मेल तीन महिन्यांनी आपोआप पुसली जायची आणि मग जुनं पत्र दाखवा म्हणून सगळे माझ्याच डोक्यावर बसायचे. वैतागून मी स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक कंटेनर बसवला. आमच्याकडे कंटेनर म्हटलं की घाटात आडवा झालेला ट्रेलर आठवतो. हा तसला नव्हे. हा कॉम्प्युटरच्या पोटातला बंद डबा, त्यात एक प्रोग्रॅम दर तासाला माझी मेल उतरवून घ्यायचा. वरून मेल गेली तरी डब्यात राहायची. या अकलेचं मला भारी कौतुक होतं आणि मी ते चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायचो.

ऐकणाऱ्यांत पत्रा दाबायच्या प्रेसवरचे काका होते. लोधिवलीहून यायचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. पावसाळ्याच्या तोंडी त्यांच्या मशीनचा सेफ्टी गार्ड, हात आत जाऊ नये म्हणून असलेली जाळी, निकामी झाला. मी मॅनेजरांना तीन वेळा मेल केली. एकीलाच उत्तर आलं, 'ऑर्डर निघू दे, मग बघू.' गणपतीनंतरच्या आठवड्यात काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

रिपोर्टात लिहिलं गेलं की ऑपरेटरने गार्ड स्वतःच काढला होता. माझ्या मेलबॉक्समधून त्या तीनही मेल आणि ते उत्तर गायब झालं. चौकशी दसऱ्यानंतर घ्यायची ठरली. दोष काकांवर आला तर नोकरी जाणार, आणि तसल्या हाताने त्यांना दुसरीकडे कोण घेणार?

काका शिळफाट्याला माझ्या घरी आले. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून म्हणाले, "तुज्या त्या डब्यात हाय ना रं समदं?"

"आहे, काका."

"मग मला काय घोर नाय."

दुसऱ्याच दिवशी मॅनेजरांनी बोलावलं. "तुम्ही जुन्या मेल साठवता म्हणे. तुमचं कायम होण्याचं पत्र माझ्या टेबलावर आहे. जरा समजुतीनं घ्या." आवाज गोड होता. मी मान हलवली. कशाला हलवली, ते आजही मला सांगता येत नाही.  एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ते पत्र. मेलची प्रिंट काढायला पाच मिनिटं पुरली असती. पण प्रिंट हातात आली की ती कुणाला द्यायची हे ठरवावं लागलं असतं. म्हणून मी रोज उद्यावर ढकलत राहिलो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद करतात, धुतात, पुसतात, हळदकुंकू लावून झेंडूचे हार घालतात. मीही कॉम्प्युटरवरचं सगळं थांबवलं, तो डबासुद्धा, कीबोर्ड झटकला. डिस्क भरत आली होती, तेव्हा आतूनही साफ करावं म्हणून सफाईची कमांड दिली. थांबलेले सगळे कंटेनर काढून टाकू का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. मेल बाहेरच्या फोल्डरमध्ये आहे अशी माझी पक्की समजूत होती. ते फोल्डर डब्याला जोडायचंच मी पहिल्या दिवशी विसरलो होतो. इतके दिवस सगळं डब्याच्या आतच साठत होतं. एरवी तो कधी काढून टाकला नव्हता, म्हणून कळलंही नाही.

हार घालून झाल्यावर मी डबा पुन्हा उभा केला. फोल्डर रिकामं. जुनी एकही मेल नाही. मी पुन्हा पुन्हा शोधलं, हे खरं. पण त्याआधी क्षणभर मला बरं वाटलं. आता मला काही ठरवायला नको होतं. बाहेर काका डाव्या हाताने पेढा खात उभे होते. मला पाहून हसले. मी पण हसलो.

चौकशीत मी सांगितलं, मेल चुकून पुसल्या गेल्या. तीन मेल केल्या होत्या, असंही सांगितलं. कागद नाही म्हणून ते कुणी लिहून घेतलं नाही. काकांची नोकरी गेली. मॅनेजरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पत्र दिलं. "चुकूनच झालं हो," मी म्हणालो, तर डोळा मिचकावून म्हणाले, "तेच तर."

मी ते पत्र घेतलं.

त्याच आठवड्यात लोधिवलीला गेलो. काकांना सगळं नीट सांगितलं, सफाई, कमांड, विसरलेलं फोल्डर. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं होतं, शिव्या देतील, विकला गेलास म्हणतील.

"चुकून झालं असंल रं," ते म्हणाले. "मानसाकडून व्हतं. पन तुला कळलं कदी?"

"खंडेनवमीला."

"आन् चौकशी पंधरा दिसांनी. आमी दुसरा कायतरी मार्ग काडला असता, दोनचार जनांना इचारलं असतं. मंग त्याच दिशी मला का नाय सांगितलंस?"

काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्याही माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.