चांदणी उतरवायची कधी

नगर सोडलं तो दिवस दोन जानेवारी. आदल्या संध्याकाळीच अण्णांनी दारावरची नाताळची चांदणी उतरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली होती. आईनं उरलेल्या करंज्या डालड्याच्या डब्यात भरून दिल्या. अण्णा एस.टी. स्टँडवर आले नाहीत. दारातच म्हणाले, "येशूबाळ जन्मलं. आता कामाला लागा." हे ते दर वर्षीच म्हणायचे, पण त्या दिवशी नजर माझ्या शेजारी उभ्या बायकोवर, ब्रिजिटवर होती. ती वसईची कॅथलिक, आम्ही मिशनचे प्रॉटेस्टंट. आमच्या लग्नाला अण्णा आले, पण चर्चच्या फाटकाबाहेर उभे राहिले. "त्यांचा नाताळ संपतच नाही," एवढीच त्यांची तक्रार. बाकीच्या सगळ्या तिच्यातच आल्या.

बँकेनं मला लखनौला टाकलं. अलीगंजात दोन खोल्या मिळाल्या आणि कळलं की नाताळ संपतो कधी, यावर ख्रिस्ती माणसांचं एकमत नाहीच. इथल्या मेथडिस्टांचा बड़ा दिन आमच्यासारखाच नव्या वर्षाच्या उपासनेबरोबर आटोपायचा. बँकेतला केरळी कुरियन सहा जानेवारीला ख्रिस्ताचा बाप्तिस्मा साजरा करी. त्याच दिवशी ब्रिजिटनं मांडलेल्या देखाव्यातले तीन राजे बाळ येशूच्या गव्हाणीपाशी पोचत. तिच्या फादरांच्या मते पुढच्या रविवारी सगळं आवरायचं. पण ब्रिजिट फादरांपेक्षा आपल्या आईचं ऐकणार. बाळ येशूला मंदिरात नेल्याचा, मेणबत्त्यांचा सण दोन फेब्रुवारीला. तोवर गव्हाण आणि चांदणी जागची हलायची नाही. घरमालकीण विचारायची, "भैया, आपका बड़ा दिन कितना बड़ा है?" मी म्हणायचो, "मॅडम से पूछिए." धर्माच्या बाबतीत मी असा खंबीर.

मग एका पावसाळ्यात नगरला माझी आई गेली. पुढच्या जानेवारीच्या मध्यावर अण्णांनी येतो म्हणून कळवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्या घरी. लखनौच्या थंडीत मला घाम फुटला. आता कुठे हा माणूस फाटकाच्या आत येतोय, आणि समोर काय, तर न संपलेला नाताळ! ब्रिजिट शाळेत शिकवायला गेलेली पाहून मी स्टुलावर चढलो. चांदणी, मेंढरं, तिन्ही राजे ट्रंकेत कोंबले आणि वर होल्डॉल दाबून ठेवला. तिला विचारलं नाही.

धुक्यात रखडलेल्या गाडीतून अण्णांना घेऊन आलो तेव्हा ब्रिजिट घरी आली होती. तिनं रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अण्णांच्या हातातली पिशवी घेतली.

अण्णा व्हरांड्यातच थांबले. "चांदणी कुठाय?"

"एक तारखेलाच काढली, अण्णा," मी ठोकून दिलं.

आमची पाच वर्षांची नेहा मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. "नहीं दादाजी, पापा ने आज ट्रंक में छुपाया. बोले, आप डाँटेंगे."

अण्णा खाटेवर बसले. मफलर सोडेनात. म्हणाले, "यंदा घरी लावलीच नाही मी. ती गेल्यावर कुणासाठी लावायची? म्हटलं, सूनबाईकडे अजून असेल. म्हणून या दिवसांत आलो."

ब्रिजिटनं ट्रंक ओढत आणली. चांदणीचा एक कोन मोडला होता, एका राजाची मान गेली होती. अण्णांनी तिला थोडी खळ शिजवायला सांगितली. नेहाच्या पतंगाचा कागद आणि एक कामटी घेऊन सासरा-सून दोघं जमिनीवर बसली.

"तुमच्यात कधी काढतात?" अण्णांनी विचारलं.

"दोन फेब्रुवारीला."

"मग तोवर राहतो."

मला फक्त स्टूल धरायला बोलावलं. पुढे कितीतरी दिवस ब्रिजिट माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. अण्णांशी मात्र भरभरून.

त्याच वर्षी उन्हाळ्यात अण्णा गेले. नगरच्या दाराला आता दुसऱ्या कुणाचं कुलूप आहे. तुम्ही तिथे राहिलेले लोक विचारता, घरी कधी येणार? मला काही सांगता येत नाही. एवढंच की अजूनही एक जानेवारीची संध्याकाळ झाली की मी सवयीनं स्टूल ओढतो, चांदणीकडे हात नेतो, आणि आतून ब्रिजिटचा आवाज येतो, "हात लावू नका. अण्णांना दोन फेब्रुवारीपर्यंत राहायचंय."

मी खाली उतरतो.