रोगट पानाची निरोगी छपाई

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी चित्रातले ठिपके काढण्याचा प्रकल्प केला होता. संगणकात एक चांगलं चित्र घ्यायचं, त्यावर मुद्दाम काळे-पांढरे ठिपके पाडायचे आणि मग तेच ठिपके काढून दाखवायचे. आधी घाण करायची, मग साफ करायची आणि गुण मिळवायचे. रीत सोपी होती. प्रत्येक बिंदूच्या शेजारचे बिंदू बघायचे, त्यांच्यातला मधला रंग निवडायचा आणि तो या बिंदूला द्यायचा. एखादा बिंदू शेजाऱ्यांपेक्षा फारच वेगळा असला तर तो असा गुपचूप त्यांच्यासारखा होऊन जातो. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "छपाई सुधारते, सर." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

पुढे नोकरी लागली नाही, लग्न लागलं. सासर अकोल्याचं. निघताना वडील म्हणाले, "शिक्षण वाया जात नसते, बाई." आणि तसं ते गेलंही नाही. जठारपेठेत एका ऑफसेट प्रेसला फोटो सुधारणारं माणूस हवं होतं. प्रेसच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी माझी पदवी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "फोटो गोरा करता येते काय?"

येत होता. पुढची काही वर्षं मी अकोला जिल्ह्यातले नवरदेव आणि नवऱ्या गोऱ्या केल्या. एप्रिलात जयंतीची पत्रकं, मग लग्नपत्रिका, मग शाळांच्या जाहिराती. कामात डोकं लागायचं ते एवढंच, की कागद शाई पितो. शाईचा प्रत्येक थेंब कागदावर थोडा पसरतो आणि पडद्यावर छान दिसणारा फोटो छापल्यावर काळवंडतो. म्हणून तो आधीच जरा जास्त उजळ करायचा, कडा जरा जास्त धारदार करायच्या, म्हणजे पसरून पसरून शेवटी तो खऱ्यासारखा उतरतो. गिऱ्हाईकाला मात्र खऱ्यासारखा नकोच असायचा.

अशात एका वर्षी पावसानं मध्येच दडी मारली आणि सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. या रोगात पानांवर पिवळे चट्टे पडतात, आणि तो पसरवते पांढरी माशी. ही माशी तिळाहून लहान असते आणि पानाच्या खालच्या बाजूला बसते. शेतकऱ्यांना रोग ओळखता यावा म्हणून शेतीखात्याच्या एका कार्यालयानं पत्रक काढायचं ठरवलं आणि काम आमच्या प्रेसकडे आलं. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणाला तरी जसं आहे तसं छापून हवं होतं, अशी माझी समजूत झाली.

फोटो एका कृषी सहायक बाईंनी काढले होते. माझ्याच वयाच्या. त्यांनी ते व्हॉट्सॲपवर पाठवले, तेव्हा ते इतके आक्रसून आले की माशी आणि मोबाईलचा दाणेदारपणा यांत फरक कळेना. मी फोन करून मूळ फाईली मागितल्या. त्या स्वतःच पेन ड्राइव्ह घेऊन स्कूटीवर आल्या.

"ताई, नीट छापजा," त्या म्हणाल्या. "पानाच्या खालून फोटो घ्याचा म्हणून मी वावरात उताणी निजली होती. गडी माणसं म्हणे, बाईले चक्कर आली."

फोटो खरोखर चांगला होता. पानाच्या खालच्या बाजूला शिरांच्या कडेनं माशा बसलेल्या, एकेक मोजता येईल अशा. मी सावली उजळली, पिवळे चट्टे हिरव्यात मिसळू नयेत म्हणून रंग जरा वेगळे केले आणि नमुना काढला.

तो बघायला कार्यालयाचे साहेब आले. साहेब पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. आमचं बोलणं त्यांना भांडणासारखं वाटायचं, म्हणून ते स्वतः फार हळू बोलत. त्यांनी नमुना उजेडात धरला.

"मॅडम, हे पान फार खराब दिसतंय."

"सर, ते रोगट आहे."

"रोगट असू द्या. पण छपाई रोगट दिसायला नको. प्रकाशन मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते आहे. त्यांच्या हातात हे असं देणार का?"

मी सांगून पाहिलं, की चट्टे हेच रोगाचं लक्षण आहे आणि हे पांढरे ठिपके म्हणजे माशा. साहेब म्हणाले, "हो, ते सगळं खाली मजकुरात लिहिलेलंच आहे ना." भाऊ माझ्यामागे उभे होते. ते म्हणाले, "होऊन जाते साहेब. आमच्या ताईनं त्याचंच शिक्षण घेतलं आहे."

दुसऱ्या नमुन्यात मी चट्टे फिके केले. साहेबांना पान अजून थकलेलं वाटलं. मग भाऊंनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसून सांगितलं, की गिऱ्हाईक जे मागते ते द्यायचं, डॉक्टरकी करायची नाही. तिसऱ्या वेळी मी कॉलेजात शिकलेली रीत पूर्ण ताकदीनं लावली. प्रत्येक माशी शेजारच्या हिरव्यासारखी झाली. पिवळा हिरव्यात गेला. एक बटण दाबलं आणि पानावरून रोग उतरला. तोंडी परीक्षेत हे उदाहरण दिलं असतं तर सर थोडे जास्त थांबले असते.

साहेब खूष झाले. "बघा, आता कसं दर्जेदार वाटतं."

छापून झाल्यावर कृषी सहायक बाई गठ्ठे न्यायला आल्या. त्यांनी वरचं पत्रक उचललं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"माशा कुठी गेल्या?"

"साफ झाल्या," मी म्हटलं.

"फवारा न मारता?"

त्यांनी मोठ्यानं वाचलं, "पानाच्या खालील बाजूस पांढऱ्या माशा आढळतात." मग त्या सुंदर पानाकडे बघितलं आणि गठ्ठा स्कूटीवर ठेवला. त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

प्रकाशन अमरावतीला एका शेतकरी मेळाव्यात झालं. माहेर तिथलंच, म्हणून मीही गेले. पाहुण्यांनी पत्रक उघडून फोटोवाल्यांकडे धरलं आणि शासन रोगाच्या मुळाशी गेलं आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तो फोटो आला. पेपरच्या कागदानं नेहमीप्रमाणे शाई पिऊन टाकली होती, त्यामुळे पाहुणे एक काळा चौकोन हातात धरून हसत होते.

पत्रकावर संपर्कासाठी कृषी सहायक बाईंचा नंबर होता. त्यांना भरपूर फोन आले. रोगाबद्दल एकही नाही. "बाई, हे वाण कोणतं हो? बियाणं कुठी भेटते?" असं लोक विचारत होते.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, पत्रक ग्रामपंचायतीत मिळालं. अकोल्याजवळच्या गावात त्यांचं काळ्या मातीचं वावर आहे, त्यात सोयाबीन होतं. पत्रक घेऊन ते धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर गेले, पानं जुळवून पाहिली आणि घरी येऊन समाधानानं म्हणाले, "आपल्या वावरात हा रोग नाही. आपली पानं लय वेगळी आहेत. पिवळी आहेत."

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. हा फोटो रोगट पानाचाच होता, तो मी साफ केला. मामाजींनी पत्रक पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"हे तू केलं?"

"हो."

"मंग वावरातलं बी करून दे ना."

ते हसले नाहीत, त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

त्याच आठवड्यात बियाण्याची छोटी कंपनी चालवणारे एक गृहस्थ प्रेसमध्ये आले. त्यांनी खिशातून घडी घातलेलं आमचं पत्रक काढलं. त्यांना सोयाबीनच्या पिशवीवर हेच पान हवं होतं.

"ते रोगाचं पान आहे," मी म्हटलं.

"दिसत तं नाही," ते म्हणाले.

भाऊंनी मला शाळेच्या जाहिरातीचं काम दिलं आणि फाईल स्वतःच त्यांना काढून दिली. वर म्हणाले, "पाहिजे तं अजून जरा हिरवं करून देतो."

दोन दिवसांनी कृषी सहायक बाई पुन्हा आल्या. या वेळी कार्यालयाकडून नाही, स्वतःहून. माशांचा तो मूळ फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. होता. मी भाऊंना म्हटलं, थोड्या प्रती काढते. भाऊ म्हणाले, "काढ, पण चांगला कागद वापरू नको. लग्नपत्रिकेची कात्रणं पडली आहेत, ती घे." भाऊंच्या लेखी तो वाईट कागद होता. खरं म्हणजे तो प्रेसमधला सगळ्यात गुळगुळीत, शाई कमी पिणारा कागद होता.

त्या दुपारी मी जे काम केलं ते मला अजून आवडतं. फोटोत मोबाईलचे खरे दाणे होते, ते काढायचे होते आणि माशा ठेवायच्या होत्या. यंत्राला दोन्ही सारखेच. म्हणून कृषी सहायक बाई शेजारी बसून बोट दाखवत गेल्या, "ही माशी, हा डाग, ही माशी," आणि मी एकेक माशी हातानं वगळत गेले. पांढरा ठिपका म्हणजे कागदावर शाई नसलेली जागा. आजूबाजूची शाई पसरली की ती बुजते. म्हणून प्रत्येक माशी किंचित मोठी केली, कड किंचित गडद केली. पहिली प्रत छापून आली तेव्हा पान चांगलं आजारी दिसत होतं. बाई म्हणाल्या, "हे पहा. आता खाजवावं वाटते."

त्यांनी काही प्रती कार्यालयात नेल्या. त्यांवर खात्याचं बोधचिन्ह नाही म्हणून त्या परत आल्या. एका कृषी केंद्राच्या दारावर एक प्रत लावली, तर संध्याकाळपर्यंत दुकानदारानं ती काढली. दुकानातला मालच रोगट आहे असं गिऱ्हाईकाला वाटते, असं त्याचं म्हणणं होतं. उरलेला गठ्ठा मी मामाजींना दिला.

लग्नपत्रिकेचा कागद, त्याच्या एका कडेला सोनेरी पट्टी राहिलेली. मामाजी गावात वाटायला निघाले तेव्हा पारावरच्या एकानं विचारलं, "कोणाचं लगन हो?" मामाजींनी नुसता कागद उलटा करून माशा दाखवल्या. मग पाच-सहा जण उठून आपापल्या वावरात गेले. रोग पुढे पसरू नये म्हणून पिवळी पडलेली झाडं त्यांनी उपटून काढली. कुणाला उशीर झाला होता, कुणाला नव्हता. आमच्या वावरातही बरीच झाडं उपटावी लागली. पीक बेताचंच आलं, पण आलं.

कार्यालयाकडून प्रेसला उत्कृष्ट छपाईबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते पहिल्या, हिरव्या पत्रकासाठी. भाऊंनी ते काचेत बसवून गल्ल्यामागे टांगलं.

गावातल्या प्रती कुठून आल्या असं लोक मामाजींना विचारत. पुढे एकदा मी घरात चहा करत असताना ओसरीवर ते कुणाला तरी सांगत होते, "कृषी विद्यापीठातून आल्या." तो माणूस गेल्यावर मी विचारलं, "मामाजी, माझं नाव काहून नाही सांगितलं?"

"सून छापते म्हटलं अस्तं तं कोणं वावरातलं पान उलटून पाह्यलं अस्तं?" ते म्हणाले, आणि चहा मागितला.