सहीआधी वाचायला लावणारे वसंतराव

वसंतराव चिंदरकरांची आणि माझी पहिली भेट आयर्लंडमधल्या कॉर्कच्या ग्रंथालयात झाली. आमचे हे गेल्यानंतर मला घरातली शांतता सोसवत नव्हती, म्हणून मी तिथे जाऊन बसत असे. एक दिवस टेबलापलीकडून मराठीत विचारणा झाली, "पुस्तक उलटं नाही ना धरलंत? अर्धा तास झाला, पान हललेलं नाही."

वसंतराव त्याच ग्रंथालयातून निवृत्त झाले होते, तरी रोज येत. त्यांचं एक मोठं काम चालू होतं, अजूनही चालू आहे. कॉर्कमध्येच जन्मलेला एक माणूस जकातीच्या नोकरीवर ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीत गेला, तिथे पुढारी झाला आणि जमिनीच्या मालकीचा कायदा त्याने बदलला. त्याचं चरित्र ते मराठीत लिहीत आहेत. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण त्यांनी सांगितलं की समजतं. पूर्वी जमीन आपली हे दाखवायला जुन्या खरेदीखतांची सगळी साखळी लागे. एक कागद हरवला की मालकी डळमळली. जहाजाचा मालक जसा सरकारी नोंदवहीतल्या नावावरून ठरतो, तसाच जमिनीचाही ठरावा, असं या माणसाचं म्हणणं. "वकिलांची पोटं दुखली हो ताई!" असं सांगताना वसंतराव आजही लहान मुलासारखे हसतात.

मला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं. माहेरी भावांना हक्कसोडपत्र लिहून दिलं, तेव्हा मला एक साडी मिळाली होती. आमच्याकडे बहिणी अशीच सही करतात, वाचत नाहीत. हे गेल्यावर नागपूरच्या धाकट्या दिरांनी तसाच कागद पाठवला. "वहिनी, नुसती सही. घरचंच तर आहे." मी सही करून पोस्टात टाकला. पुढे त्यांचा फोन आला, "उन्हाळ्यात येतो, कॉर्कच्या घराचंही बघून टाकू." ठेवून घेतलेली प्रत मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. पतीकडून वारसाने मिळणारी देशातली आणि परदेशातली सर्व मालमत्ता मी सोडली होती.

त्यानंतर दारातून पत्र पडल्याचा आवाज आला तरी भीती वाटे. पत्रं मी न उघडता हॉट प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या गरम कपाटात, टॉवेलांखाली ठेवत असे. यांचा कोट अजून खुंटीवर होता. घर गेलं तर तो कुठे टांगायचा, एवढाच विचार मनात फिरे.

इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात वसंतराव महिन्यातून एकदा चरित्राचं एक प्रकरण वाचतात. एका वाचनानंतर पुण्याचा एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "काका, म्हणजे तुमचा माणूस हीरोच की!" वसंतरावांनी चष्मा काढला. "थांबा. ती वही उघडण्याआधीही त्या जमिनीवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांची नावं कुठल्या पानावर आहेत? हे लिहिलं नाही तर माझं पुस्तक खोटं." माझ्या मनात आलं, राहत असूनही नाव नसलेली माणसं असतात, तर मी कोण?

त्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या घराचा नोंदणीचा उतारा मागवला आणि माझ्यापुढे ठेवला. "मी वाचणार नाही. तुम्ही वाचा."

बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मालक म्हणून दोन नावं होती. यांचं आणि माझं.

"संयुक्त मालकी," वसंतराव म्हणाले. "एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक. घर तुमच्याकडे वारसाने आलेलंच नाही, मग त्या कागदाने जाईल कसं?" पुढे एका वकिलीणबाईंनीही तेच सांगितलं. घर घेताना "इथे सही कर" असं हे म्हणाले होते आणि मी केली होती. कशावर, ते विचारलंही नव्हतं. मी उतारा धरून रडले. वसंतराव चहा आणायला म्हणून उठले आणि बराच वेळ परत आले नाहीत. दिरांना त्याच संध्याकाळी मी स्वतः फोन केला आणि कॉर्कचं घर माझं आहे, असं सांगितलं.

भीती पूर्ण गेलेली नाही. गेल्या थंडीत वसंतराव आठवडाभर ग्रंथालयात दिसले नाहीत, फोनही उचलला नाही. हे गेले, तेव्हाही आधी फोनच नुसता वाजत राहिला होता. मग ते आले, मफलर गुंडाळून, खोकत. "शेवटचं प्रकरण अडलंय," म्हणाले. "त्यात माझा माणूस मरतो. धीर होत नाही."

वसंतरावांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात माझा लेख छापायला मंडळाने संमतीचा कागद पाठवला. "ताई, फक्त सही," असं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला, मग सही केली.

वसंतराव, पंचाहत्तरीला एवढंच मागते. मफलर विसरू नका, फोन उचलत जा, आणि ते शेवटचं प्रकरण खूप वर्षं अडून राहू द्या. आम्हाला घाई नाही.