तुहे पैसे

आमच्या घरात मोबाईल एकच, तोही नवऱ्याचा. सरकारचे महिन्याचे पैसे बायकांच्या खात्यात येणार म्हणून फॉर्म भरला, तेव्हा नंबर मागितला, आणि मी मोठ्या शहाणपणानं त्याचाच दिला. गल्लीतल्या साऱ्याच बायकांनी तेच केलं. त्यामुळे माझे पैसे आले की आधी त्याला कळतं, मग सासूबाईंना, मग मला.

पहिल्या वेळी तो वावरातून येता येताच ओरडला, "अवं, तुहे पैसे आले!" मी हरखूनच गेले. लग्न झाल्यापासून या घरातल्या कशालाच कोणी माझं म्हटलं नव्हतं.

आमचा भाजीपाला, वांगी आणि मेथी. मंगरूळपीरच्या बाजारातून परत आलो की सासूबाई न मागता माझ्या हातावर थोडे पैसे ठेवत. त्यातूनच मी बारावीची जुनी पुस्तकं घेतली होती. अकरावीनंतर लग्न झालं, शाळा सुटली. आता बाहेरून परीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि गावातल्या अंगणवाडीची जागा निघाली की अर्ज करायचा, हे मी पक्कं ठरवलं होतं.

पैसे येऊ लागले आणि सासूबाईंनी हातावर ठेवणं बंद केलं. रागानं नाही. "आता तुहे येतात न, बाई. मी कायले देऊ?" एवढंच. मग तेल संपलं की तुह्या पैशातून आण, पाहुणे आले की तुह्या पैशातून आण. खोटं कशाला बोलू, घर सुधारलं. मुलीला रोज दूध मिळू लागलं, ताप आला तर तिला उचलून सरळ दवाखान्यात नेता येऊ लागलं. पण माझ्याजवळ स्वतःचं म्हणून काही उरेना, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. ऐकणारा हसलाच असता.

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आली, तेव्हा मी जेवताना धीर करून बोलले.

"भर न," नवरा म्हणाला. "तुहे पैसे हायेत, आमी कोण नाही म्हणनारे?"

सासूबाई म्हणाल्या, "शिक, बाई. अंगणवाडीत लागली तं चांगलंच हाये."

माझा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या दिवशी सकाळी मोटारीचा पाइप फाटला. वांगी ऐन फुलावर होती, दोन दिवस पाणी नसतं तर गेलीच असती. खात्यातले पैसे एकालाच पुरणार होते, पाइपला नाहीतर फॉर्मला. नवरा म्हणाला, "तू ठरव." चिडला असता, अडवलं असतं, तर मी कडाकडा भांडले असते. भांडण मला येतं. पण तो गाडी सुरू करून माझी वाट पाहत उभा राहिला.

मंगरूळपीरला पैसे काढायला माझा अंगठा लागला. भाजी खुडून खुडून झिजलेला, चारदा पुसून पाचव्यांदा उमटला. फॉर्म जिथे भरायचा ती शाळा तिथून दिसत होती, फाटक उघडं होतं. आम्ही पाइपच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पाइप मोजून गुंडाळला आणि पैसे मागितले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझाच हात पुढे झाला.