इब्राहिमभाईंनी काढलेलं गाव

ऑफिसात आलेल्या नव्या माणसाला इब्राहिमभाई पहिल्याच दिवशी इंग्लंडातल्या एका छोट्या बाजारगावातून फिरवून आणत. कुवेतमधल्या अहमदीत एका कंत्राटदार कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी रुजू झालो, तेव्हा मलाही त्यांनी फिरवून आणलं. जेवणाचा डबा बाजूला सारून त्यांनी टेबलावर बोट टेकलं. "हा पाच कमानींचा पूल. उतरलास की डाव्या हाताला लोकरीची वखार. पुढं चौक. मधी दगडाचा क्रूस, त्याच्या पायऱ्यांवर बसून बायका लोणी विकायच्या. बाजार मंगळवारचा. राजानं कागद दिलाय त्याचा." जरा थांबून म्हणाले, "आमच्याकडं पण मंगळवारीच भरतो. कागद नाय, एवढंच."

मी विचारलं, "किती वर्षं होतात तिथे?"

"मी? रत्नागिरी, मुंबई, कुवेत. चौथं गाव बघितलं नाय मी."

ते गाव आमच्या साहेबांचं होतं. साहेब इंग्रज, कंपनीचे सल्लागार इंजिनीयर. त्यांना आपल्या जन्मगावाचा इतिहास लिहायचा होता. त्यात घालायची चित्रं आणि नकाशे काढायचं काम त्यांनी इब्राहिमभाईंकडे दिलं, कारण बाकीचे आम्ही सगळे कॉम्प्युटरवर रेघा ओढणारे; शाईच्या पेनानं सरळ रेघ मारणारा हात तेवढा एकच उरला होता. साहेब फोटो आणून देत, इब्राहिमभाई जेवणाच्या सुट्टीत आणि सुट्टीच्या शुक्रवारी काम करत. चार वर्षं. "पुस्तक निघालं की तुला बोलावतो, सगळं डोळ्यांनी बघ," असं साहेबांनी माझ्यादेखत सांगितलं होतं.

त्या कामातली एक गोष्ट मी स्वतः पाहिली. चौकात पूर्वी धान्यबाजाराची इमारत होती. साहेबांच्या जन्माआधीच ती पाडलेली. साहेबांनी आपल्या कच्च्या नकाशात ती उत्तरेला दाखवली होती. इब्राहिमभाई एक जुना फोटो घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले, मीही मागोमाग गेलो. "साहेब, घड्याळात बारा वाजलेत. ह्या इमारतीची सावली चौकात पडलीय. तुमच्याकडं भर दुपारी सूर्य दक्षिणेला. मग इमारत दक्षिणेलाच पायजे." साहेब हसले. मग त्यांनी गावच्या दप्तरखान्याला पत्र लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं : दक्षिणेलाच होती. त्या दिवशी इब्राहिमभाईंनी सगळ्यांना खजूर वाटले. मला म्हणाले, "माणूस खोटं बोलेल, सावंता. सावली नाय बोलत."

साहेबांच्या निवृत्तीआधी काम संपवायचं म्हणून इब्राहिमभाईंनी त्या वर्षी गावी जायची रजा दोन महिने पुढे ढकलली. त्याच दोन महिन्यांत गावी त्यांची आई गेली. मी भेटायला गेलो तर समोर अर्धा काढलेला पूल. "तीन कमानी झाल्यात," एवढंच म्हणाले.

साहेब निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. पुस्तक निघाल्याचं आम्हांला दुसऱ्यांकडून कळलं. बोलावणं आलं नाही, पुस्तकही आलं नाही. इब्राहिमभाई म्हणत, "कामाचा माणूस आहे, विसरला असेल." वर्षामागून वर्ष हेच वाक्य.

गेल्या वर्षी कंपनीनं मला ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं. माझ्या नावाच्या शिफारसपत्रावर साहेबांचीच सही होती. निवृत्तीनंतरही त्यांचा शब्द चालत असे. इब्राहिमभाई म्हणाले, "पुस्तक तेवढं आण. आणि चौकात जरा उभा राहा माझ्या नावानं."

मी उभा राहिलो. पुलापासून चौकापर्यंत एकालाही वाट विचारावी लागली नाही. क्रूस होता, वखारीत आता कॉफीचं दुकान होतं. चौकाच्या दक्षिणेला पितळेची पाटी दिसली : धान्यबाजाराची खरी जागा सावलीवरून शोधून काढल्याबद्दल साहेबांचं नाव. पुस्तकाच्या दुकानात त्यांचं पुस्तक दर्शनी भागात लावलेलं. आत त्या सावलीवर आख्खं पान. पहिल्या पानावर छापलं होतं : चित्रे व नकाशे, लेखकाचे. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात इब्राहिमभाई बारीक सही करत. तेवढी जागा पांढरी होती.

संध्याकाळी साहेबांनी त्याच गावातल्या आपल्या घरी बोलावलं होतं. चहा, केक. त्यांनीच विषय काढला. "इब्राहिम कसा आहे? छान हात. मी काढायचो, तो गिरवायचा." माझ्या हातात कप होता. मी म्हणालो, "बरे आहेत." आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

पुस्तक मी इब्राहिमभाईंना दिलं. त्यांनी पहिलं पान पाहिलं, मग एकेक चित्राचा कोपरा. सावलीचं पान त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचलं. 

"कागद बरा वापरलाय," ते म्हणाले. मग विचारलं, "भेटलास त्यांना?"

"हो."

"घरी बसवलं?"

"हो."

"चहा दिला?"

"दिला."

"मग तू काय बोललास?"

खोटं बोलायचं मी विमानातच ठरवून ठेवलं होतं. पण त्यांच्यासमोर ते जमलं नाही. "काही नाही बोललो," मी म्हणालो.

त्यांनी पुस्तक पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच ठेवा. तुमचं काम पडलं असेल, जा, सावंतसाहेब."

त्यानंतर त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नाही. समोरासमोर टेबलं होती आमची. फाइल हवी असली तरी उठून येत, "साहेब, जरा" म्हणत. मी दोनदा माफी मागायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी उठून मला खुर्ची दिली, आणि मी फाइलचं काहीतरी विचारून परत फिरलो.

काही महिन्यांनी त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कंपनीनं पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी ते प्रत्येक टेबलाशी गेले. "कोकणात ये एकदा, आंबे खायला," असं सगळ्यांना म्हणाले. दारावरच्या इजिप्शियन वॉचमनलासुद्धा. माझ्याशी हात मिळवला. "येतो, साहेब," म्हणाले आणि लिफ्टकडे वळले.