टेपमधली वाट

देवीच्या साथीत डोळे गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो, त्यामुळे त्याचं दुःख मला फारसं नव्हतं. चीड यायची ती हात धरणाऱ्यांची. ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्याच्या एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो, तरी रोज माय मला बोर्डापर्यंत पोचवायची अन् दिवसभर बाहेर ओट्यावर बसून राहायची. तिकडे आमच्या गावी, मोहगावला, कापूस वेचणी चालू होती. आमची भाड्याची खोली ऑफिसासमोरच, रस्ता मला जमायचा. आतले व्हरांडे मात्र जमेनात. साहेबांनी बजावलं होतं, महिन्याभरात एकटा येजा कर, नाही तर नोकरी विसर.

आमचा वायरमन डोकेबाज. व्हरांडा दोन बाजूंना फुटतो तिथं त्यानं स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, स्वतःच्या आवाजात वाट भरली. मी पायरीशी आलो की शिपायानं बटण दाबायचं. "सरळ ये. आता उजवीकडं वळ." वळलो, तर हात थेट साहेबांच्या चहात.

वायरमन शपथेवर सांगे, बरोबरच बोललो. मग उलगडलं. टेप भरताना गडी स्टुलापाशी, मी येणार त्या पायरीकडं तोंड करून उभा होता. त्याचा उजवा तो माझा डावा.

"डोळे तुले हायेत ना बे?" मी म्हटलं.

माय ओट्यावरून आत आली. "मले बोलू द्या त्याच्यात." मला लाज वाटली, पण ती बोललीच. "तीन पायऱ्या हायेत. चाल. आता जेवत्या हाताची भित सोड अन् दुसऱ्या हाताकडं वळ." जेवता हात म्हणजे आमच्याकडे उजवा.

दुसऱ्या दिवशी तिच्या आवाजामागं चालत गेलो अन् हाताला माझ्या खुर्चीची पाठ लागली. हुश्श झालं. माय जन्मभर माझ्या बाजूनं चालली होती, तिचा उजवा तोच माझा उजवा.

पंधरा दिवसांत टेपचीही गरज उरली नाही. साहेब म्हणाले, राहा. त्या दुपारी एकटाच बाहेर ओट्यावर आलो.

"जाऊ मंग मी?" मायनं विचारलं. "वेचणी सरून राहिली."

"जा," मी म्हटलं.

वाटलं, रडेल, दहा सूचना देईल. ती लगेच निघाली. वाईट नाही वाटलं, खरं सांगतो, जीव हलका झाला. फक्त तिची पावलं इतकी भराभर पडताना मी कधी ऐकली नव्हती. माझ्यासोबत ती कायम माझ्याच चालीनं चालत आली होती.